एका भावकीची अकरा तिकिटं

तिकिटं काढून सहा दिवस झाले होते. सकाळी सर्जेरावाचा फोन आला.

"मावशी, आबांनी कालपास्नं अन्न सोडलंय."

"पाणी घेत्यात का?"

"चमच्यानं."

मी फोन ठेवला आणि कॅलेंडर काढलं. कुणाला हे वाईट वाटेल. वाटू दे. माझा धंदा तारखांचा आहे.

मी पलूसची. चौथी शिकलेली. यात्रेच्या बसवर पोळ्या लाटायला लागले, पुढं बसच माझ्या नावावर निघायला लागली. काशी, रामेश्वर, गिरनार केलं. परदेश म्हणाल तर दोनदा नेपाळ. इटली मला सर्जेरावानं दाखवली, तीसुद्धा नकाशावर.

सर्जेराव फौजेतून सुभेदार होऊन आलेला. गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. त्याचा आजा दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडला. तिथं दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावं एका दगडावर कोरलेली आहेत, त्यात त्याचं नाव आहे. घरातलं कुणी कधी तिथं गेलेलं नाही. आबा म्हणजे सर्जेरावाचे वडील. त्यांचा बाप बोटीत बसला तेव्हा आबा पाळण्यात होते. बापाचा चेहरा नाही, फोटोसुद्धा नाही. आता ऐंशी ओलांडलेली. त्यांचं एकच मागणं होतं, की आपण असेपर्यंत घरातल्या कुणीतरी त्या दगडाला हात लावून यावं.

"मोठ्या कंपनीचा रेट परवडत न्हाई," सर्जेराव म्हणाला. "तुमी आमास्नी काशीला नेलं, तसंच हितंबी बसवून द्या."

तसंच बसवलं. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या. टॅक्सी नको, रेल्वे. महिना फेब्रुवारी, कारण तिकडं थंडीमुळं गर्दी नसते आणि इकडं भाताची कामं उरकलेली असतात. मी जाणार नव्हते. माणसं न्यायला सुभेदार पुरे. विमानाचं काम सांगलीच्या इरफानभाईकडं दिलं. व्हिसा हातात आल्यावर तो म्हणाला, ग्रुप फेअर घेऊ. ग्रुप फेअर म्हणजे दहाच्या वर माणसं एकाच बुकिंगवर. तिकीट बरंच स्वस्त पडतं. पण नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत नाहीत.

अकरा जण झाले. आबांच्या दोन लग्न झालेल्या लेकी सोडल्या, तर नऊ एकाच भावकीचे. माझ्या बसमध्ये मी एका भावकीला चारच्या वर सीट देत नाही. भावकीत कुणी वारलं की सगळ्यांना सुतक, आणि सुतकात माणूस बाहेर पडत नाही. एकदा अशीच निम्मी बस रिकामी घेऊन मी तिरुपती केली होती. तरी या वेळी नऊ घेतले. स्वस्त दिसलं की अक्कल मागच्या सीटवर बसते.

निघायला वीस दिवस होते. आबा आज गेले, तर तेरावा उरकून माणसं मोकळी. आठ दिवस टिकून मग गेले, तर सगळं बुडालं. आणि मुळात आबा असतानाच हे व्हावं म्हणून तर खटाटोप. म्हणजे मी नक्की काय मागायचं, तेच मला कळेना.

इरफानभाईला फोन केला.

"तारीख पुढं जाईल का?"

"नाही मावशी. सांगितलं होतं."

"माणूस मेला तर?"

"त्याचा दाखला द्या, त्या तिकिटापुरतं बघतील. कुणाचं तिकीट?"

"त्याचं तिकीट नाही."

"मग मेलंय कोण?"

"अजून कुणी नाही."

तो म्हणाला, "मावशी, चहा घ्या आणि परत फोन करा."

मी एसटी धरली आणि मेढा गाठलं. आधी डॉक्टर.

"किती दिवस काढतील?"

"आजी, असं सांगता येत नाही."

"एसटीचा कंडक्टरसुद्धा अंदाज सांगतो."

"आठ दिवस म्हणा, नाहीतर आठ वर्षं म्हणा."

हा अंदाज घेऊन मी गुरुजींकडं गेले. त्यांनी सुतक भावकीला किती दिवस, लेकींना किती, लांब असताना कळलं तर किती, सगळं सांगितलं. मी कागदावर अकरा नावं लिहून पुढं दिवस मांडले. मांडून झाल्यावर आधीपेक्षा कमी कळायला लागलं.

"विमानात बसल्यावर कळवलं तर?" मी विचारलं.

"बाई, मला ह्यात घेऊ नका," गुरुजी म्हणाले.

घरी आबा सोप्यात खाटेवर होते, डोळे मिटलेले. मी तिथंच बसून सर्जेरावाला कागद दाखवला. त्याची बायको मालन आतून आली.

"जित्या माणसाचं दिस मोजताय व्हय, मावशी?"

"मी मोठ्यानं मोजते. तू बॅग भरायची थांबलीस, ती कशापायी?"

ती पाय आपटत आत गेली. चहा मात्र पाठवला, बिनसाखरेचा.

पुढच्या दहा दिवसांत आबांनी पेज घ्यायला सुरुवात केली. मग भात. मालननं बॅग भरली. मी कागद फाडला. निघायला पाच दिवस असताना फोन आला.

"मावशी, गेलं."

"आबा?"

"न्हाई. सुरतेचं तुकारामतात्या."

"हे कोण?"

"आमालाबी नीट ठावं न्हाई. पर भावकीतलं हायत. पाचव्या पिढीला मिळत्यात."

तीस वर्षांत तात्या गावाकडं आले नव्हते, कुणी तिकडं गेलं नव्हतं. पण सुतक ते सुतक. मी पोचले तेव्हा सोपा माणसांनी भरला होता. एक म्हणे दहा दिवस, एक म्हणे तीन, एक म्हणे आंघोळ केली की झालं. सर्जेराव भिंतीला टेकून उभा. युद्ध कळतं, भावकी कळत नाही, असा त्याचा चेहरा.

खाटेवरून आवाज आला. "भावकीत थोरला कोण?"

सगळे वळले. एक चुलत भाऊ म्हणाला, "तुमीच की, आबा."

"मग तात्याचं सुतक मी धरतो. समद्यांच्या वाटचं. जावा तुमी."

"आबा, आसं कुठं आसतंय व्हय?"

"नसतंय. आता हाय. देवाला शिवायचं न्हाई, तर मला खाटंवरनं उठवतंय कोण? ग्वाड खायाचं न्हाई, तर ती डाक्टरनं कवाच बंद केलंय. माझं काय अडतंय?"

कुणी हसलं नाही. मी हसले.

सर्जेराव हळूच म्हणाला, "आन् मागनं तुमालाच काय झालं तर?"

"माझं सुतक आल्यावर धरा. ती काय पळून चाललंय?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्या बाईला लय घाई झालीया."

डोळे मिटून म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं.

अकरातले नऊ जण गेले. भावकीतल्या दोघा भावांना आबांचा निकाल पटला नाही. ते राहिले, त्यांची तिकिटं वाया गेली. तो दगड सापडायला तिथं अर्धा दिवस गेला. सर्जेरावानं तिथून व्हिडिओ कॉल लावला. मालन नावावर हात ठेवून उभी होती. इकडं मी आबांपुढं फोन धरला होता. आबांनी बराच वेळ बघितलं.

"गवात कोण काढतंय?" त्यांनी विचारलं.

"माणूस नेमलाय, आबा. पगारी हाय," सर्जेराव तिकडून म्हणाला.

"बरं," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आबा पुढं उन्हाळ्यात गेले. सगळे घरी होते.

मी डॉक्टरला विचारलं, गुरुजींना विचारलं, इरफानभाईला विचारलं. ज्याचं काम होतं तो माझ्यापासून चार हातांवर पडून होता, त्याला विचारलं नाही. दोन तिकिटांवर भागलं. मूळ गिऱ्हाईक कोण, ते आधी बघावं. फोन करणारा तोच असतो असं नाही.