मुन्नीला ‘माई’ लिहायचं होतं

“ए, हात काढ.” सरपंचांनी कीबोर्डवरच्या मुन्नीच्या बोटांवर चापट मारली. पाच वर्षांची पोर. रडली नाही. हात फ्रॉकमागं लपवला.

सणसवाडीच्या आमच्या बालवाडीत त्या दिवशी कॉम्प्युटर आला होता. एका कंपनीनं दिलेला. हळदकुंकू वाहून, नारळ फोडून त्याची पूजा झाली. सरपंचांच्या नातवाला खुर्चीत बसवून फोटो निघाला. मी तिथली बाई, पण मला चहाचे कप भरायला पिटाळलं होतं.

मुन्नीचे आईबाप बिहारचे. सरपंचांच्याच चाळीत भाड्यानं राहायचे. पोरीला मराठी कळेना, तोंडच उघडेना. मग मी अक्षरांचा तक्ता गुंडाळून ठेवला. प्रत्येकानं आपल्या घरातला एक शब्द आणायचा, तोच पाटीवर काढायचा. मुन्नीनं ‘माई’ आणला, तिच्या बोलीतली आई. तेव्हापासून पोर बोलायला लागली. कॉम्प्युटर आला की पडद्यावर तो शब्द काढायचा, असं मी तिला कबूल केलं होतं. म्हणून तेल लावून, वेण्या घालून आली होती.

मी कप ठेवून पुढं झाले. म्हटलं, पोरांसाठीच आलाय, लावू द्या हात. सरपंच हसले.

“ह्या भय्यांच्या पोरांनी मशीन बिघडवलं म्हंजी? आन् बाई, तुमच्या लोकांना नोकरी दिली, तेवढं बास हाय.”

तुमच्या लोकांना. माझ्या गावी, वरवंडला, पहिलीत गुरुजी माझी पाटी पायानं सरकवायचे. बाकीच्यांची हातात द्यायचे.

“पोरं हात लावणार न्हाईत, तर मीबी हितं शिकवणार न्हाई.”

एवढंच बोलले. बालवाडीची चावी टेबलावर ठेवली आणि पोरांना घेऊन बाहेर पडले.

संध्याकाळी मुन्नीचा बाप दारात आला. हात जोडून म्हणाला, “मैडम, कमरा उन्हीं का है. बच्ची अब नहीं आएगी.” ती त्याच्यामागं उभी होती. माझ्याकडं बघितलंही नाही. पुढं चाळीतून जाताना हाक मारली, की आत पळायची. माझं काळीज तुटायचं. आजही तुटतं.

कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर चढलं, खोलीला कुलूप लागलं. कंपनीचे साहेब आले की उघडायचं. मला परत बोलावणं आलं, पण गप राहायच्या अटीवर. मी गेले नाही. माझ्या घराच्या ओट्यावर वर्ग भरवला.

मुन्नीला मी राखू शकले नाही. त्याला कुठलंच समाधान नाही. पण यापुढं एकही पोर मी अशी परत जाऊ देणार नाही. खोली कुणाचीही असो.