आठव्या माळेचा जोगवा

नवरात्रात सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तुळजापूरच्या देवीची एक आराधीण जोगवा मागायला यायची. तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात परडी. दार वाजवणं तिला माहीतच नव्हतं, कोपऱ्यावरूनच "आई राजा उदो उदो!" अशी हाळी द्यायची. लहान पोरींनाही "बया" म्हणायची. बायका घटाला माळ चढवून बाहेर येत, परडीत पीठमीठ घालत आणि तिच्या पाया पडत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात ती आमच्या नळावर घागर घेऊन आली. शेजारच्या वहिनींनी ती घागर पायानं लोटून दिली. "तुझ्या वस्तीत जा की!" म्हणाल्या. मला आजही ते आठवलं की राग येतो. ती मात्र घागर उचलून गेली.

पुढच्या नवरात्रात, आठव्या माळेला ती आली. वहिनी सुपात पीठ घेऊन पुढे झाल्या, पायांशी वाकल्या. तिनं पाय मागं घेतले.

"शिवू नगा. उन्हाळ्यातलेच पाय हायती ह्ये."

"अहो, आज अष्टमी. जोगवा नाकारू नये, देवी कोपेल."

"कोपंल की!" तिचा आवाज चढला, कपाळाची शीर ताठली. "पर माझ्यावर का कोपंल? घागर म्या लाथाडली व्हय?"

परडी पदराखाली झाकून ती निघाली. गल्लीच्या टोकाला तिनं केवढ्यानं तरी उदो घातला. वहिनी सूप धरून उभ्याच होत्या. ते पीठ आता परत डब्यात घालावं की नाही, हे त्यांना कुणी सांगेना.