वाळवणाची शिट्टी

मोबाइलवर कोळशाच्या इंजिनांचा जुना माहितीपट लावला की माझं डोकं फिरतं. चित्रण बघतच राहावं असं, पण मागे ते व्हायोलिन कशाला? चाकांची धाप, वाफेचा फुसकारा, सगळं त्या रडगाण्याखाली दाबून टाकतात. त्यात निवेदक इंजिनाच्या शिट्टीला म्हणतो, "विरहाची हाक."

कसला विरह? परतूरला आमचं घर रुळांना लागून होतं. एका उन्हाळ्यात आईनं अंगणात कुरडया घातल्या होत्या. इंजिन येऊन सिग्नलपाशी थांबलं आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काजळी बसली. मी चाकं बघण्यात दंग. आई मात्र चिकानं भरलेल्या हातांनी तशीच कुंपणाशी गेली.

"तुमच्या घरी वाळवण करत न्हाईत का हो?"

ड्रायव्हरनं डोक्याचा रुमाल सोडला. "बराबर हाय, माय. उद्यापासून लांबूनच शिट्टी देतो. तुम्ही जल्दी झाकून घ्या."

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्यानं शब्द पाळला. लांबून शिट्टी आली की आमच्या ओळीतल्या बाया जुनी लुगडी घेऊन अंगणात धावायच्या.

काल त्या माहितीपटात व्हायोलिन एकदाचं थांबलं आणि नुसती शिट्टी घुमली. लगेच आतल्या खोलीतून म्हातारी आई कातावली, "आरं, बाहेर काय वाळत घातलंय का बघ की जरा."

आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, खरंच गॅलरीत जाऊन बघून आलो.