विद्यावतीचं स्पॅनिश रेकॉर्डिंग

पियानोवर बसण्याआधी विद्यावतीला उलटी व्हायची. शाळेतल्या कार्यक्रमाला व्हायची, शिष्यवृत्तीवर फ्रान्सला शिकत असताना व्हायची, आणि आपल्या बेटावर परतून तेर रूज गावी संसार थाटून, मोका गावात मुलांना पियानो शिकवू लागून कैक वर्षं झाली तरी ते काही सुटलं नव्हतं.

तिचे वडील देवळात भजनाला पेटी वाजवायचे. घरात पियानो शिकलेली ती पहिलीच. म्हणून १९८० च्या जानेवारीत शेजारच्या रेयुनियन बेटावरून म्स्यो गास्तों नावाचे वाद्यवृंद-संचालक रेकॉर्ड काढायला आले आणि त्यांनी तिचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना आनंद झाला. तिचीच झोप उडाली. शतकाच्या सुरुवातीच्या दोन रचना होत्या, एक फ्रेंच, एक स्पॅनिश. व्हायोलिनवाले त्यांच्यासोबत आलेले, तुताऱ्या-ट्रॉम्बोन आमच्या पोलीस बँडचे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी रेडिओने सिक्लोनचा, म्हणजे चक्रीवादळाचा, दुसरा इशारा दिला. नवरा इंद्रदेव सांत्र द फ्लाक गावाकडची बस चालवायचा, तो निघण्याच्या गडबडीत होता.

"जाऊ का नको?" तिने विचारलं.

"जा की. वादळ अजून लांब हाय. पा पेर," तो म्हणाला. घाबरू नको म्हणायचं असलं की तो नेहमी बेटाच्या क्रियोल बोलीवर यायचा.

सात वर्षांच्या सुनयनाला शेजारच्या भगवतीकाकीकडे सोडून ती पोर्ट लुईच्या थिएटरात पोचली.

फ्रेंच रचना कशीबशी पार पडली. म्स्यो गास्तोंनी "छान" म्हटलं, तरी तिला ते खरं वाटेना. जेवणाच्या सुट्टीत छपरावर पत्रा आपटायला लागला आणि रेडिओवर तिसरा इशारा आला. आता बसगाड्या बंद होणार. तिने तेर रूजला घराजवळच्या दुकानात फोन लावला. आधी नुसती खरखर आली, मग तेवढीही बंद झाली.

पोलीस बँडचा देवराज सार्जंट टोपी घालूनच आत आला. "मादाम, आम्हाला ड्युटीवर बोलावलंय. लॉरी उत्तरेला जाते. तेर रूजला उतरवतो, चला."

म्स्यो गास्तोंनी हात जोडले. वादळामुळे त्यांचं परतीचं विमान उडालं नाही तरी टेपवाला उद्यापासून दुसऱ्या कामावर जाणार होता. स्पॅनिश रचना आज झाली नाही तर होणारच नाही.

विद्यावतीला डोळ्यांपुढे पोरीच्या डोक्यावरचा उडालेला पत्रा दिसत होता. वळणावर इंद्रदेवची बस कलंडलेली दिसत होती. शेवटी ती देवराजला म्हणाली, "भाऊ, तुमी थांबाल? एकदाच वाजवू. चुकलं तर चुकलं."

देवराजने बाहेर जाऊन ड्रायव्हरशी काहीतरी बोलून घेतलं आणि तुतारी पुन्हा पेटीतून काढली.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. दारं वाऱ्याने हादरत होती. पहिलं पान सरलं तेव्हा तिला स्वतःचे स्वर ऐकूच येत नव्हते. मधल्या संथ भागात खिडकीची काच फुटली आणि तिचे हात थांबले. एक ओळभर पियानो गप्पच होता. व्हायोलिनवाले थांबले नाहीत. त्यांच्यामागे धावत जाऊन तिने पुढची जागा गाठली आणि मग शेवटपर्यंत मान वर केली नाही. संपल्यावर देवराजने तिला दंडाला धरून उठवलं.

लॉरीत ती पोलिसांच्या मधोमध अंग चोरून बसली. रस्त्यावर ऊस आडवा झालेला, आंब्याच्या फांद्या पडलेल्या. तेर रूजला तिच्या घराचं स्वयंपाकघर उघडं पडलं होतं. ती तशीच भगवतीकाकीकडे धावली. सुनयना पलंगाखाली होती, दोन्ही कानांवर हात. काकी तिला धरून शेजारी जमिनीवर आडवी.

"बाप कुठं हाय?" पोरीने पहिला प्रश्न हाच विचारला.

चौथा, शेवटचा इशारा झाला, दार लावून घेतलं, आणि उरलेलं वादळ तिघींनी पलंगाखालीच काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रदेव चालत आला, चिखलाने माखलेला. त्याने उतारू फ्लाकच्या एका शाळेत नेऊन ठेवले होते, स्वतःही तिथेच राहिला होता. विद्यावती आधी त्याच्यावर ओरडली आणि मग पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

रेकॉर्ड पुढल्या वर्षी आली. ती गप्प ओळ तीत तशीच आहे. रेयुनियनच्या एका वर्तमानपत्राने तो विराम मुद्दाम घेतलेला समजून त्याची स्तुती केली. विद्यावतीने फ्रेंच बाजू विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकवली. स्पॅनिश बाजू घरात फक्त सुनयना लावते, आणि तेवढा वेळ तिची आई अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे काढत राहते, ते ओले असले तरी.