वाढत्या अंगाचा स्कर्ट

तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा तुमची मावशी वरचा खण उघडायला स्टूल घेते, हे तुम्ही पाहिलंत. परत गेल्यावर तुमच्यातल्या धाकट्याने फोनवर विचारलं, "आजी, मावशी एवढीशीच का आहे?" फोनवर सांगून होण्यासारखं ते नव्हतं. मी तिलाच विचारलं, लिहून पाठवू का? ती म्हणाली, "लिही की. पण रडकं नको लिहूस." म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो, स्टेशनच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. तुमचे आजोबा विक्रोळीच्या एका कारखान्यात होते आणि मी एका ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार पाहायची. दोन मुली. थोरली तुमची मावशी, धाकटी तुमची आई.

शाळेचे स्कर्ट तेव्हा वाढत्या अंगाचे शिवायचे, ही घरोघरची रीत. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं आणि दर जूनमध्ये थोडं थोडं सोडायचं. थोरलीला अगदीच आखूड झाला की तो स्कर्ट धाकटीला. शाळा उघडायच्या आधीचा रविवार मी या कामासाठी राखून ठेवायची. एका जूनमध्ये तुमच्या आईची दुमड सोडली, मग मावशीला स्कर्ट घालून उभं केलं. तो गेल्या जूनमध्ये गुडघ्याखाली जिथे येत होता तिथेच येत होता. मी कात्री ठेवून दिली. पुढच्या वर्षी तुमच्या आईचा स्कर्ट तिला आखूड झाला आणि मावशीला बरोबर बसला. घरातले कपडे वरून खाली यायचे, ते खालून वर जायला लागले.

"ताई माझा स्कर्ट का घालते?" तुमच्या आईने विचारलं.

"तू इतकी वर्षं माझे घातलेस, मी विचारलं का गं?" मावशी म्हणाली आणि केसांना रिबीन बांधत राहिली.

इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. सकाळी दाराच्या चौकटीला लटकव, दुधात हळद घाल. खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकू जिन्यात अडवून सांगायच्या, "पोरीक जरा बांगडे खाऊक घाल, मगे बघ कशी वाढता ती! तुमच्या त्या वरणभातान काय होवचा नाय." आमच्या घरी मासे शिजत नसत. तरी महिनाभर मावशी दुपारी त्यांच्याकडे जेवत होती आणि आजोबा पेपरमागे तोंड लपवून काही कळत नसल्यासारखं करत होते. बांगडे तिला फार आवडले. उंची होती तिथेच राहिली.

आमचे नेहमीचे डॉक्टर दोन वर्षं म्हणत राहिले, "काही मुली उशिरा वाढतात." शेवटी त्यांनीच शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे एक डॉक्टर मुलांच्या वाढीवर संशोधन करत होते. भिंतीला लाकडी पट्टी, तिच्यावरून खाली सरकणारी फळी. डॉक्टर मुलांच्या कानांमागे दोन्ही हात लावून डोकं अलगद वर उचलून धरत आणि मगच आकडा वाचत. मावशीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. वय अकरा, पण मनगटाची हाडं सात वर्षांच्या मुलीची. "ही चांगली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडांची टोकं अजून उघडी आहेत. वाढायला जागा आहे. एकदा ती मिटली की मग कोणी काही करू शकत नाही."

मग एक तपासणी झाली. शरीरातली साखर मुद्दाम उतरवायची आणि त्या धक्क्याने वाढीचं संप्रेरक रक्तात येतं का ते पाहायचं. दंडात सुई तशीच ठेवून पुन्हा पुन्हा रक्त काढत होते. मावशी उपाशी होती. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. "आई, भूक लागली गं," ती म्हणाली. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. डॉक्टर शेजारी साखरेचं पाणी आणि भरलेली सिरिंज घेऊन उभे होते. माझा हात पर्सकडे गेला तसं त्यांनी मान हलवली. "आत्ता नाही. आत्ता दिलंत तर सगळं पुन्हा करावं लागेल." ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिचा घाम पुसत होते. दुसरं काही करायला मला परवानगी नव्हती.

संप्रेरक आलं नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती ते बनवतच नव्हती. औषध होतं, पण ते मेलेल्या माणसांच्या त्याच ग्रंथीतून काढायचं. एका मुलाला पुरेल एवढं मिळवायला कितीतरी देह लागायचे. परदेशातून थोड्या बाटल्या यायच्या, फक्त संशोधनासाठी, आणि मोजक्याच मुलांना मिळायच्या.

मी घरी सांगितलं. आजोबांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "त्यांच्या घरच्यांना माहीत असेल का?"

"कोणाच्या?"

"ज्यांचं काढलं त्यांच्या."

तुमच्या मावशीची निवड झाली. बाकावर आमच्याशेजारी विक्रोळीची एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसायची. त्या मुलीची हाडं मिटत आली होती, म्हणून तिला औषध मिळालं नाही. बाई मला म्हणाली, "तुमचं नशीब, ताई." आवाजात राग नव्हता. मला तिच्याकडे बघवेना.

मग आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या वाडग्याशेजारी त्या इवल्या बाटल्या आल्या. काचेची सिरिंज उकळायला वेगळं पातेलं केलं. इंजेक्शन मीच द्यायला शिकले. मावशी पालथी पडून तुमच्या आईला दटावायची, "बघू नकोस गं, तिकडे तोंड कर." दर तीन महिन्यांनी उंची मोजायला जायचं. उंची सकाळी थोडी जास्त असते, दिवसभर उभं राहून ती कमी होते, असं डॉक्टर एकदा बोलून गेले. झालं! आजोबांनी मुलुंडपासून टॅक्सी केली आणि मावशीला मागच्या सीटवर आडवं झोपवलं. इस्पितळाच्या दाराशी तिला उचलायला निघाले, तेव्हा ती ओरडली, "बाबा, मी काय आजारी आहे का?" डॉक्टरांना कळलं तेव्हा ते चष्मा काढून हसले.

आणि ती वाढली. जूनमध्ये मी तिच्या स्कर्टच्या टिपा उसवल्या. जुन्या दुमडीच्या जागी गडद निळी रेघ राहिली, बाकीचं कापड विटलेलं. मी ती रेघ झाकायला खाली फीत लावणार होते. तिने स्कर्ट ओढून घेतला. "राहू दे. दिसू दे सगळ्यांना."

ती रेघ ती वर्षभर मिरवत होती.

त्यानंतर एका सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो, तर डॉक्टरांनी तिला पट्टीपाशी उभं केलंच नाही. आम्हाला बसवलं. "औषध थांबवतोय," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"कायमचं."

परदेशात लहानपणी हीच इंजेक्शनं घेतलेल्या काही जणांना मोठेपणी मेंदूचा आजार झाला होता आणि ते गेले होते. औषधातूनच तो त्यांच्या अंगात शिरला असावा, असा संशय होता. तिकडे सगळं बंद झालं होतं. त्यांनी एका परदेशी नियतकालिकाचं पान माझ्यासमोर ठेवलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. प्रत्येक वाक्य पहिल्याच वाचनात कळलं. पान दोनदा वाचलं तरी करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"हिला होईल?" आजोबांनी विचारलं.

"शक्यता फार कमी आहे."

"कळेल कधी?"

"सांगता येत नाही. वर्षानुवर्षं काही दिसत नाही."

"मग काही तपासणी?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. ते स्वतःच खचलेले दिसत होते, झोप न झाल्यासारखे. म्हणाले, "प्रयोगशाळेत बनवलेलं नवीन औषध तिकडे येतंय. आपल्याकडे केव्हा येईल, कोणाला परवडेल..."

मावशीने विचारलं, "ते येईल तोपर्यंत माझी हाडं उघडी राहतील?"

आमच्या बोलण्यातून तिने सगळे शब्द उचलले होते. डॉक्टर तिला म्हणाले, "बघू." ते खोटं बोलत नव्हते, पण तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर ते नव्हतं, हे तिलाही कळलं. उरलेल्या बाटल्या आम्ही थर्मासमध्ये बर्फ घालून परत नेऊन दिल्या. बाहेर बाकावर ती विक्रोळीची बाई भेटली. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरीला दिलं नाही ते..." आणि तिने माझा हात धरला.

नवीन औषध आमच्या आवाक्यात कधी आलंच नाही. हाडं मिटली. त्या आजाराची भीती मात्र घरात राहिली ती राहिलीच. मावशीच्या हातून कप पडला, कोणाचं नाव पटकन आठवलं नाही, पायरीवर पाय अडखळला, की मी कामातून मान वर करायची. कॉलेजात असताना ती एकदा चिडून म्हणाली, "आई, कपाला साबण होता. साबण!" आता ती पन्नाशी ओलांडून गेली, ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा भराभर जिने चढते. तरी स्वयंपाकघरात काही पडल्याचा आवाज आला की मी अजून कान देऊन थांबते. हे कान देणं केव्हा बंद करायचं, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

इंजेक्शनं बंद झाली त्या जूनचं लिहायचं राहिलं. आम्ही तिघी नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. तुमच्या आईचं माप झालं, मग मावशीचं. शिंपीकाकांनी कमरेपासून टेप खाली सोडला आणि मान वर न करताच विचारलं, "वहिनी, वाढत्या अंगाचाच ना? दुमड चार बोटं?"

"काका, बरोबर मापाचा शिवा," मावशी म्हणाली. "दुमड नको."

"अगं, पुढच्या वर्षी आखूड झाला तर आई मलाच बोलेल."

"नाही बोलणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन बोटं तरी ठेवा, एवढंच मला म्हणायचं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या रस्त्याकडे बघत होती. काकांनी वहीत माप लिहिलं आणि तिला म्हणाले, "बुधवारी ये."