मिलिंदचा रस्ता पुसताना

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी बेळगावात भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसले होते. फोन कलघटगीकडच्या कुणा अनोळखी माणसाचा होता. पाण्यातून काढलेल्या सायकलच्या सीटखाली एक पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर माझा नंबर होता. घरचा नव्हता, कारण त्याच्या वडिलांना, अप्पांना, असले फोन जायला नकोत असं मिलिंद म्हणायचा. त्या माणसानं कन्नडमध्ये आधी एवढंच विचारलं, की तुम्ही त्यांच्या कोण. मी म्हणाले, अक्का. रक्ताचं नातं काही नव्हतं... पण तो मला तशीच हाक मारायचा आणि त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मग तो म्हणाला की सायकल सापडलीय, माणसाला शोधतोय. माणूस संध्याकाळी सापडला, नदीच्या खालच्या वळणावर, बांबूच्या बेटात अडकलेला. समोरच्या पानावर वाढलेली जिलबी मला अजून दिसते आणि का कोण जाणे, तिचाच राग येतो.

मिलिंद धारवाडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. सप्तापुरात वडिलांबरोबर राहायचा. आई लवकर गेली होती, लग्न त्यानं केलं नाही. मी रायापूरच्या शाळेतली मास्तरीण, चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या धाकानं सायकलवर बसलेली. केलगेरीच्या तळ्याजवळ माझी चेन पडली होती तेव्हा हा मागून आला, उतरला आणि हाताची घडी घालून बघत उभा राहिला. मी म्हटलं, अहो, मदत करा की. तर म्हणतो, "शिका अक्का, दर वेळी मी कुठनं येऊ?" माझे हात कोपरापर्यंत काळे झाले, चेन बसली आणि त्यानं खिशातून चिंधीचा तुकडा काढून दिला. तिथून आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. हळूहळू आणखी चार-दोन टाळकी जमली, बँकेतली, दवाखान्यातली, एक हुबळीचा कापडवाला. पण रस्ता शोधायचं काम मिलिंदचंच.

त्याला रस्त्यांचं वेडच होतं. आमचं धारवाड एका उंच धारेवर बसलंय, इथं पडलेला पाऊस एका अंगानं मलप्रभेत जातो आणि दुसऱ्या अंगानं बेडतीत, म्हणजे एकाच कौलारावरचं पाणी दोन समुद्रांना जातं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा. आम्ही त्याला त्यावरून छळायचो. पण त्याचा सगळ्यात लाडका रस्ता या धारेवरूनच निघायचा. केलगेरीवरून मुगद, मग अळणावरच्या बाजूची भातशेतं, हल्याळ, तिथून डावीकडे सागाच्या रानातून चढ, वर एक उघडा माळ, आणि मग एकदम बेडतीचं खोरं पायाशी उघडतं. तिथून लांबलचक उतार, तळाशी बिनकठड्याचा फरशीपूल, पलीकडे कलघटगी, आणि हुबळीवरून अमरगोळ, रायापूर करत घर. सायकलवाल्यांच्या ॲपवर त्यानं हा सगळा रस्ता आखून ठेवला होता, वळणावळणासकट, सगळ्यांना वापरता येईल असा. पुण्याचे, बेंगळुरूचे लोक तो फोनात घेऊन यायचे आणि त्याला धन्यवाद कळवायचे.

पुलाबद्दल त्याचा एक नियम होता. पाणी गुडघ्याखाली असेल तर सायकल खांद्यावर घ्यायची आणि चालत पलीकडे जायचं. आम्ही कितीदा तरी तसं गेलोय, फोटो काढत, हसत. सायकलवाल्यांचा हा आगाऊपणाच म्हणायचा. आपण एवढे चढ चढतो तर एवढंसं पाणी काय करणार असं वाटतं. त्या रविवारी तो एकटाच गेला होता आणि पाणी गुडघ्याखालीच होतं असं तिथल्या गुराख्यानं सांगितलं. मधोमध मिलिंदचा पाय घसरला, खांद्यावरची सायकल कलंडली आणि ती सोडायच्या ऐवजी त्यानं धरून ठेवली... भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. मला त्याचा इतका राग येतो की फोटोकडे बघवत नाही. मूर्खा, सायकल सोडायची होतीस रे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याभरात माझ्या ध्यानात आलं, की तो रस्ता अजून तसाच आहे. मिलिंद नाही, पण त्याच्या नावाचा तो रस्ता लोकांना अजून त्याच पुलावर नेतोय, आणि पावसाळा तर निम्माही झालेला नाही. त्याच रविवारी बेळगावची पोरं तिथून गेलेली ॲपवर दिसली. खाली फोटो होता, घोट्यापर्यंत पाण्यात उभी, खांद्यावर सायकली. मग मी जे जे सुचलं ते केलं. ॲपच्या कंपनीला लिहिलं, तर यंत्रानं उत्तर दिलं की खातेदारानं स्वतः विनंती करावी. पुन्हा लिहिलं की खातेदार वारला, तर त्यांनी सहानुभूती कळवली आणि कागदपत्रं मागितली. ती पाठवली, मग काहीच नाही. ग्रुपवर ओरडले. आमच्यातले लोक हो म्हणाले, पण बाहेरच्यांना कोण सांगणार? कन्नड आणि इंग्रजीत पाटी रंगवून घेतली आणि कापडवाल्याच्या जीपमधून नेऊन पुलाच्या तोंडाशी रोवली. पुढच्या पावसात पाटी वाहून गेली. बाहेर आभाळ भरून आलं की शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच थांबायची मी.

अप्पांना मी दोनदा विचारलं होतं, त्याचा पासवर्ड कुठं लिहिलाय का. नाही म्हणाले. फोन तर नदीतच गेला होता. मग एका रविवारी मी एकटीच मुगदपर्यंत सायकल मारली, नुसती, घरात बसवेना म्हणून. परत येऊन चहा टाकला, फोन बघितला, तर माझ्या त्या फेरीला कुणीतरी अंगठा दिला होता. नाव मिलिंदचं. शेजारी त्याचा हेल्मेटवाला, दात काढून हसणारा फोटो. मी खुर्चीत बसले ती उठेचना. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि त्याचा तर नव्हताच, पण त्या दोन मिनिटांत मला वाटलं की तो आहे. खरंच वाटलं. मग डोकं ताळ्यावर आलं आणि मी तशीच सप्तापुरात गेले.

अप्पा बुद्धाच्या तसबिरीखाली पलंगावर बसले होते, हातात मिलिंदचा जुना, काच तडकलेला फोन. त्यावर मिलिंदचं ॲपचं खातं उघडंच राहिलं होतं. कपाट आवरताना सापडला, चार्जिंगला लावला, तर चालू झाला, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून त्या रस्त्यावरून कुणी गेलं की फोन वाजायचा आणि अप्पा त्यांची नावं वाचायचे, फोटो बघायचे, प्रत्येकाला अंगठा द्यायचे, मिलिंद द्यायचा तसा. मुलाच्या सायकलीला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. मला बघून फोन उशीखाली घातला, लहान मुलासारखा. मी पुलाचं सगळं सांगितलं, त्या पोरांचं, पाटीचं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून.

"मी त्याला कधी विचारलं नाही, कुठं जातोस म्हणून," ते म्हणाले. "आता ही लोकं सांगालीत, तर तू पुसून टाक म्हणालीस."

मी म्हटलं, बाकी सगळं राहू दे, नुसता हा एक रस्ता काढायचा.

"त्यात दुसरं हाय काय, शोभा? आणि लोकांस्नी डोळे हाईत. पाणी बघून थांबतील की."

"मिलिंद थांबला काय, अप्पा?"

बाहेर पावसाला सुरुवात झाली होती आणि आम्ही दोघंही खिडकीकडे बघत होतो. मग त्यांनी उशीखालून फोन काढला आणि म्हणाले, आधी मला सांग. सगळा रस्ता सांग. हे पुसल्यावर मी कुणाला विचारू? मी सांगायला लागले. केलगेरीचं तळं, मुगदच्या कुंभारवाड्याजवळचं वळण, अळणावरच्या बाजूला एक गाव लागतं तिथला चहा, सागाचा चढ, तिथं तो कसा उभा राहून पेडल मारायचा आणि मागं वळून मला कसा चिडवायचा. अप्पांनी डोळे मिटले होते. मी माळावर पोचले, खोरं दिसतं असं म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. "बस. फुडं नको." मग विचारलं, कुठं दाबायचं. मी दाखवलं. मनगट मी धरलं होतं, पण दाबलं त्यांनीच.

लोकांनी आधीच फोनात उतरवून घेतलेला रस्ता मला पुसता येत नाही. तेव्हा भीती गेलेली नाही, आभाळ भरलं की ती असतेच. आणि सप्तापुरातल्या त्या घरात रविवारी फोन वाजत नाही, हेही मीच केलंय. आता रविवारी दुपारी अप्पाच मला फोन करतात. मी कुठं गेले होते ते त्यांना नको असतं, कधीकधी मी जातच नाही. त्यांना मिलिंदचा रस्ता हवा असतो, पहिल्यापासून. मी सांगते, ते मधे मधे विचारतात, भात केवढं झालं, चढावर दम लागला काय त्याला. सागाचं रान संपतं, माळ येतो, समोर खोरं उघडतं, आणि उतार लागायच्या आत ते म्हणतात, "आता परत फिरव त्याला."

आणि मी फिरवते. हल्याळवरून, मुगदवरून, केलगेरीच्या तळ्याकाठानं, त्याच्या दारापर्यंत आणून सोडते.