दीदी ‘आते हैं’ म्हणाल्या

आमच्या घरात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठी माणूस कुठेच म्हणत नाही म्हणा, पण रामघाटावर वाढलेल्यांना हे जरा जास्तच कडकपणे शिकवतात, कारण मणिकर्णिकेचं स्मशान हाकेच्या अंतरावर. भाजी आणायला निघालं तरी दारातून ‘येते’ म्हणायचं. चुकून माझ्या तोंडून ‘जाते’ निघालं, की बाबा विद्यार्थ्यांची वेदाची संथा मध्येच थांबवून विचारायचे, “जाणारे पलीकडच्या घाटावर जातात. तू काय म्हणायचं?” मग मी चपला घालता घालता ‘येते’ म्हणायची आणि संथा पुढे सुरू व्हायची.

बाहेर मात्र सगळा कारभार हिंदीत. घरचं मराठी त्या हिंदीत कधी मिसळतं, ते आपलं आपल्यालाही कळत नाही.

मी इथल्याच एका छोट्या मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते. नोकरीला लागले त्या वर्षी बास्केटबॉलची टीम घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजात सामन्याला गेले. सपाटून हरलो. त्यांच्या टीमच्या मॅडम माझ्याहून वयाने मोठ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. निघताना मी अदबीने म्हटलं, “अच्छा दीदी, आते हैं.” मुलींना ऑटोत बसवलं आणि घरी आले.

तासाभराने त्यांचा फोन. “मैडम, आप लोग कहाँ रह गईं? चाय ठंडी हो रही है.”

त्यांना वाटलं होतं, आम्ही जवळच कुठेतरी गेलोय आणि आत्ता परत येतोय. त्यांनी सगळ्यांचा चहा टाकला होता, समोसे मागवले होते आणि गेटवाल्याला थांबवून ठेवलं होतं. मी शरमून समजावून सांगितलं. मग दीदी म्हणाल्या, “मतलब जाते समय आप लोग कहते हैं कि आते हैं. तो आते समय क्या कहते हैं?”

“कुछ नहीं. पानी माँगते हैं,” मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. सामना संपला की जो पाहुणा असेल त्याने गेटवर ‘आते हैं’ म्हणायचं, आणि यजमानाने विचारायचं, “चाय रखें?”

आमची लीग म्हणजे पाच कॉलेजांच्या मुली आणि आम्ही पाच खेळशिक्षक. हिवाळ्यात प्रत्येक टीम प्रत्येकीशी दोनदा खेळायची, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. पेपरात कधी ओळभरही छापून आली नाही. दरवर्षी दीदींचं कॉलेज जिंकायचं आणि बाकीचे चौघं पुढच्या वर्षीचे बेत करायचे. आमचं कोर्ट सिमेंटचं, तेही तडे गेलेलं, बाजूला कडुनिंब. रिंगची जाळी माकडं टिकू देत नाहीत. म्हणून दीदी दरवर्षी येताना पिशवीतून नवी जाळी आणायच्या आणि स्वतः स्टुलावर चढून बांधायच्या. मी म्हणायची, राहू द्या. त्या म्हणायच्या, “बिना नेट के झगड़ा होता है, गया कि नहीं गया.”

गेल्या दिवाळीनंतर दीदी मुद्दाम येऊन सांगून गेल्या. त्यांचं कॉलेज आमची लीग सोडून मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या लीगमध्ये जाणार होतं. मुलींना ट्रॅकसूट मिळणार, लखनऊ-दिल्लीचे दौरे होणार, वरच्या निवड समित्यांच्या नजरेस पडणार. “ऊपर का फ़ैसला है,” त्या म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारलं.

मला राग आला. राग आला की मी फार गोड बोलते. “अरे वाह दीदी, बधाई हो,” मी म्हटलं. त्या काय समजायचं ते समजल्या.

कागदावर बघाल तर आमचं भलंच झालं. पाचात नेहमी एक टीम बसून राहायची, आता चारांचं वेळापत्रक कसं चपखल. एक सहकारी तर खुशीत म्हणाले, “अब हम भी जीतेंगे.” आठवडाभरात त्यांचाच पडेल आवाजात फोन. मोठं कॉलेजच नाही, तर बस कशाला द्यायची, असं त्यांचे प्रिन्सिपल विचारत होते. दुसरे म्हणाले, मुलींना व्हॉलीबॉलला घालावं म्हणतो. शिवाय जानेवारीच्या धुक्यात सगळे सामने दीदींच्या छपराखालच्या कोर्टवर व्हायचे, ते आता कुठे घ्यायचे? एक घर उठून गेलं आणि सबंध गल्लीच सामान बांधायला लागली. माझ्या मुलींना युनिव्हर्सिटीच्या टीमचं स्वप्न नव्हतं. वर्षातून जी काही खेळायला मिळायची ती हीच लीग, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती.

बाबांना सांगितलं. ‘लीग बदलली’ हे त्यांच्या पचनी पडेना. “म्हणजे शाखा बदलली?” त्यांनी विचारलं. आमच्याकडे वेदाची शाखा वाडवडिलांकडून येते, ती कुणी बदलत नाही. मी म्हटलं, तसंच काहीसं.

“मग प्रायश्चित्त काय घेतलं त्यांनी?”

“ट्रॅकसूट,” मी म्हटलं.

लीग सोडण्याआधीचा दीदींच्या टीमशी शेवटचा सामना आमच्याकडे झाला. दीदींनी नेहमीसारखी जाळी बांधली. माझ्या मुली फुगून बसल्या होत्या, फुगूनच खेळल्या आणि रीतसर हरल्या. आमची कॅप्टन पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. वर न बघता तिने विचारलं, “मैडम, अब हम हारेंगे किससे?”

मी म्हटलं, पाणी पी आधी. आणि मीही नळावर जाऊन तोंड धुऊन आले, कारण डोळे भरले होते आणि मुलींसमोर मला ते नको होतं. वर्षानुवर्षं हरूनही आम्हाला तो सामना हवाच असायचा. त्या एका दिवसासाठी पोरी थंडीत पहाटे उठायच्या.

गेटवर दीदी थांबल्या. म्हणाल्या, “आते हैं.”

माझ्या तोंडून ‘चाय रखें?’ निघेना. आमच्यात ‘येते’ म्हणणारा माणूस निघालेला असतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी नुसती मान हलवली. त्यांची बस वळेपर्यंत उभी राहिले. मला फार वाईट वाटलं.

पुढे व्हॉलीबॉलवाले गेलेच. उरलो तिघं. जानेवारीतल्या एका सकाळी उरलेल्या दोघांपैकी एक टीम आमच्याकडे यायची होती, त्यांचाही फोन आला. धुकं फार आहे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर यंदा राहूच दे, असंही म्हणाले. माझ्या मुली स्वेटर काढून तयार उभ्या होत्या. दोन टीमची कसली लीग? घरी जा, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मी उगीच गुण लिहायच्या फळ्याची धूळ झटकत होते.

तेवढ्यात गेटपाशी गाडी थांबली. दीदी उतरल्या, हातात तीच पिशवी. मागोमाग मी कधी न पाहिलेल्या मुली, काही अगदीच लहानखुऱ्या, कॉलेजच्या जुन्या फिकट जर्सीत.

“जो दिल्ली नहीं जातीं, वो हैं,” दीदी म्हणाल्या. “टीम में गिनी-चुनी जाती हैं. बाक़ी सब साल भर बैठी रहें क्या? प्रिंसिपल से लिखवा लिया है, ये आपकी लीग खेलेंगी. कोहरे में हमारा कोर्ट भी खुला रहेगा. बाक़ी लोगों को रात में फ़ोन किया है, व्हॉलीबॉल वालों को भी. अगले हफ़्ते से सब आएँगे.”

मी आधी भांडले. “और मुझे फ़ोन नहीं किया?”

“आपको तो उसी दिन बता दिया था,” त्या स्टूल ओढत म्हणाल्या. “चाय नहीं रखी?”

चहा कुठला ठेवलेला असणार. गेटवरचं त्यांचं ‘आते हैं’ मी मराठीत ऐकलं होतं. दीदी हिंदीत बोलल्या होत्या.